गिरदावरसाहेबांचा नौकाविहार

ज्या जिल्ह्यात पाणी बहुधा टँकरमधूनच प्रवास करते, त्या जिल्ह्यात नौकाविहाराच्या सुरक्षिततेचा ध्यास घेतलेला गृहस्थ निपजावा, हा नियतीचा विनोद म्हणावा की सरकारी चाकरीचा परिणाम, हे ठरविणे कठीण आहे. परंतु आमच्या जालन्यात असे एक सेवानिवृत्त गिरदावरसाहेब आहेत खरे. 2012-13 च्या दुष्काळात लोक घाणेवाडी तलावाच्या गाळाची चर्चा करीत असता हे गृहस्थ मुंबईहून मागविलेल्या जीवरक्षक जाकिटांची फर्द तपासत ओसरीवर बसले होते.

वैशाखातल्या एका संध्याकाळी मोती तलावावर एका स्नेह्याच्या सहा आसनी होडीतून फेरफटका मारण्याचे ठरले, तेव्हा साहेब ट्रंक घेऊन हजर झाले. माणशी एक जाकीट, दोरी बांधलेले रबरी कडे, जादा वल्हे, नांगर, विजेरी, औषधपेटी, पाणी उपसण्यासाठी कापलेला तेलाचा डबा, आणि होडीला इंजिन नसतानाही आग विझविण्याचे नळकांडे! ‘हे कशाला?’ असे नावाड्याने अदबीने विचारताच, ‘तुझी विडी काय मी वल्ह्याने विझवू?’ असा रोकडा जाब मिळाला. एवढा सरंजाम चढल्यावर होडीत तिघांपुरतीच जागा उरली. बाकीच्यांची पंच म्हणून काठावर नेमणूक झाली.

जाकिटाची तपासणी तर पाहण्यासारखी. पट्टे आवळून झाले की साहेब माणसाचे जाकीट दोन्ही खांद्यांशी धरून वर ओढीत. ते हनुवटीपर्यंत सरकले की ‘नामंजूर!’ अंबडकडचे एक पाटील, पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले, जाकिटाला हरकत घेऊ लागले. ‘डब्याचे झाकण घट्ट होते ना?’ साहेबांनी विचारले. ‘मग तेच आपले जाकीट होते, पाटील. आत पाणी शिरले असते, तर आज हरकत घ्यायला आपण नसता.’

‘रामदास’ बोट बुडाल्याची तारीख, 17 जुलै 1947, त्यांना मुखोद्गत. पण खरा संताप ‘टायटॅनिक’चा. बावीसशेच्या आसपास माणसे आणि जीवनौकांत जागा 1178, हा हिशेब कोणत्या कारकुनाने मंजूर केला, हा त्यांचा प्रश्न असतो. आणि त्यानंतर 1914 साली राष्ट्राराष्ट्रांनी एकत्र बसून जहाजांच्या सुरक्षिततेचा करार केला, तो त्यांना उशिरा झालेला पंचनामा वाटतो. त्यांचा जाच होतो तो त्यांचे म्हणणे बरोबर असते म्हणून; एरवी आपल्याकडे जाकीट खुंटीवर टांगायचे किंवा बाकावर अंथरून वर बसायचे, हीच वहिवाट आहे.

होडी जेमतेम दहा हात गेली आणि गाळात रुतली. पाणी घोट्याइतके. पाटील हसत हसत पट्टा सोडू लागले, तोच साहेबांची शिट्टी कडाडली.

‘खबरदार! गाळ हा पाण्यात मोडतो की जमिनीत, याचा वरिष्ठांकडून खुलासा येईपर्यंत कोणीही पट्टा सोडायचा नाही!’