इच्छुक पित्यांसाठी पूर्वतयारीचे नियम

बाप होऊ इच्छिणाऱ्या पुरुषाने सर्वप्रथम बायकोची तपासणी करून घ्यावी. सोनोग्राफी, थायरॉइड, नळ्या मोकळ्या आहेत का ते दाखवणारा एक्स-रे, आणि रिपोर्ट येईपर्यंतच्या काळात सोळा सोमवार. एवढं सगळं रीतसर पार पडलं की उमेदवाराचा स्वतःचा नंबर लागायला सहज दोन वर्षं जातात. त्याची तपासणी म्हणजे एक डबी, थोडा एकांत आणि काही शे रुपये. इतक्या स्वस्तात जे होतं, ते आधी करणं घराण्याला शोभत नाही.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून. हा आकडा कोणी सांगू लागलं तर उमेदवाराने आजोबांची आठ मुलं मोजून दाखवावीत. शयनगृहात आपली काहीच तक्रार नाही, हा दुसरा भक्कम पुरावा. त्याचा शुक्राणूंच्या संख्येशी संबंध नसतो आणि धडधाकट माणसाच्या वीर्यातही शुक्राणू शून्य निघू शकतात, या गोष्टी डॉक्टरांनी आपल्यापाशीच ठेवाव्यात.

आता उष्णता. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. अंडकोश शरीराबाहेर लोंबता ठेवण्याची निसर्गाची योजना त्यासाठीच आहे. उमेदवाराने ती हाणून पाडावी. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी २००५ साली २९ तरुणांना तासभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसवलं, तेव्हा अंडकोशाचं तापमान अडीच अंशांहून अधिक चढलं. त्यातली बरीचशी वाढ नुसती मांड्या जुळवून बसल्यानेच झाली होती. घट्ट अंतर्वस्त्रांचाही हातभार लागतो. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१८ साली ६५६ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. सैल चड्डी वापरणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंचं प्रमाण २५ टक्के जास्त होतं. घट्टवाल्यांपैकी बहुतेकांचे आकडेही सामान्य मर्यादेतच होते, हे खरं. तेवढंच वाक्य उमेदवाराने पाठ करावं. गुऱ्हाळाच्या चुलवाणासमोरचा जळव्या किंवा फाउंड्रीतला कामगार पोटासाठी धग सोसतो. वातानुकूलित ऑफिसातून घरी येऊन ती मांडीवर घेण्याला मात्र वेगळी निष्ठा लागते.

पण खरी साधना व्यायामशाळेत. दंड फुगत नाहीत म्हणून कोणी ट्रेनर इंजेक्शन सुचवतो, आणि उमेदवाराला वाटतं की पुरुषी संप्रेरकच ते, त्याने पौरुष वाढणारच. घडतं उलटं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी माल भरपूर असल्याचं समजून वृषणांना दिले जाणारे हुकूम थांबवते. वृषणं आकसतात आणि शुक्राणूंची निर्मिती बंद पडते. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या सुमारास दर आठवड्याच्या टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनची चाचणी पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणूनच घेतली होती, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते चाललंही. मूल होऊ नये म्हणून तपासलेलं औषध बाप होण्याच्या तयारीत टोचून घेणारा माणूस याच नियमावलीत शोभतो. इंजेक्शनं थांबवल्यावर गाडी रुळावर यायला कित्येक महिने, कधी वर्षाहूनही जास्त काळ लागतो.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे तो कोपऱ्यावरच्या टपरीवर जरा हळू आवाजात मागावा. मुंबईतल्या वंध्यत्व केंद्रात आलेल्या ६३८ तंबाखू चघळणाऱ्या पुरुषांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. जितकं चघळणं जास्त, तितकी शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि ठेवण वाईट, असं त्यात दिसलं. सिगारेटवाल्यांनी यावर हसू नये, त्यांचाही वर्ग हाच आहे.

मित्रांशी या विषयावर चुकूनही बोलू नये. १९७७ साली कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप इथल्या कीटकनाशकाच्या कारखान्यातले कामगार बोलले. आपल्यापैकी कोणालाच अलीकडे मूल झालेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, तपासण्या झाल्या आणि डीबीसीपी हे रसायन दोषी ठरलं. गप्प बसले असते, तर बायकांचे उपास-तापास सुखाने चालू राहिले असते.

सुधारायचंच ठरलं, तर ते शेवटच्या आठवड्यात ठरवावं. एक शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, पुढे नलिकेतून पक्का होऊन निघायला आणखी दहा-बारा दिवस. म्हणजे दिवाळीत उपयोगी पडणाऱ्या शुक्राणूंची घडण श्रावणातच सुरू झालेली असते. अतिमद्यपानाने संप्रेरकं आणि शुक्राणू दोन्ही बिघडतात, तरी उमेदवार गटारीला आकंठ पितो, श्रावण कोरडा काढतो आणि गणपतीचं विसर्जन झालं की पुन्हा बसतो. या कामासाठी श्रावण अपुरा पडतो. आजीचा चातुर्मास बरोबर पुरला असता, पण तो पाळायला आजीच राहिलेली नाही.

ज्यांना हे नियम मोडायचे आहेत, त्यांनी दोन ते सात दिवस वीर्यपात टाळून नमुना द्यावा आणि तो तासाभरात प्रयोगशाळेत पोचेल असं पाहावं. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतली खालची मर्यादा आहे. आकडा त्याखाली आला तर चाचणी पुन्हा करावी. नुकताच डेंग्यूसारखा मोठा ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना तसं सांगावं, कारण त्यानंतर दोन-तीन महिने संख्या घसरलेली राहू शकते. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा बायको पस्तिशीपुढची असेल आणि सहा महिने गेले, तर डॉक्टरांकडे पहिल्याच खेपेला दोघांनी जावं, आणि केसपेपरही दोघांच्या नावाचे काढावेत.