उणे एक सेकंद

गच्चीच्या कडेला उभं राहून दगड सरळ वर फेकणारा माणूस मी फक्त फिजिक्सच्या पुस्तकात पाहिला. इमारत २५ मीटर उंच, दगडाचा वेग सेकंदाला २० मीटर. परत येताना तो दगड फेकणाऱ्याच्या टाळक्यात बसत नाही, सभ्यपणे कडेबाहेरून जमिनीवर जातो. खाली कोण उभं आहे याची चौकशी नाही. वर 'हवेचा रोध नगण्य मानावा' अशी तंबी. हवेचा रोध खरोखर नसलेली जागा म्हणजे चंद्र. अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटनं १९७१ साली तिथं हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं, दोन्ही एकदमच टेकले. आमच्या गच्चीतून पीस सोडलं तर ते शेजारच्या काकूंच्या पापडांवर जाऊन बसतं.

तर प्रश्न असा, की दगड किती वेळात जमिनीवर पडेल?

अकरावीत या दगडानं माझा जीव घेतला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि अकरावीला एका रात्रीत विस्थापनाचं 'डिस्प्लेसमेंट' झालेलं. सूत्र मात्र तोंडपाठ : एस बरोबर यूटी अधिक अर्धा एटी स्क्वेअर. वेग २०, गुरुत्व १० (९.८ चे दहा धरायची मुभा होती, तेवढीच काय ती दया), उंची २५, असं सगळं मी गुण्यागोविंदानं अधिक चिन्हानं घातलं. उत्तर आलं एक सेकंद. सरांनी वहीत डोकावून पाहिलं. "हा दगड तू खाली मारलायस."

दुसऱ्या खेपेला गुरुत्वाला उणे चिन्ह दिलं, उंची तशीच ठेवली. वर्गमुळाच्या चिन्हाखाली उणे चार आले. दगड पडेचना!

"पडेल कसा?" सर म्हणाले. "तू त्याला गच्चीच्या वर २५ मीटरवर शोधतोयस. तो बिचारा २० मीटरवरूनच माघारी फिरलाय."

बारावीनंतर मी कॉमर्सला पळालो आणि बँकेत चिकटलो. तिथं तेहतीस वर्षं जमा-नावे केलं, चिन्हाची चूक एकदाही झाली नाही. गेल्या महिन्यात भाची वही घेऊन आली. तोच माणूस, तीच गच्ची.

"मामा, टोकाला वेग शून्य होतो ना? मग त्वरणपण शून्यच ना?"

"हे बघ, वर ते जमा, खाली ते नावे. एकदा ठरवलं की मध्येच फिरवायचं नाही. खात्यात सुरुवातीला २० जमा. गुरुत्व दर सेकंदाला १० चा हप्ता कापतं. दोन सेकंदांनी शिल्लक किती?"

"शून्य."

"मग हप्ता थांबतो?"

ती हसली. तिच्या घरी फ्लॅटचं कर्ज आहे.

"तिसऱ्या सेकंदाला खातं उणे १०. हप्ता थांबला असता तर दगड वरच लटकून राहिला असता. आणि जमीन गच्चीच्या खाली, म्हणून तीही नावे. उणे २५."

तिनं भराभर मांडलं : टी वर्ग, उणे चार टी, उणे पाच, बरोबर शून्य. उत्तरं दोन, पाच आणि उणे एक.

"पाच सेकंद! पण मामा, हे उणे एक?"

"खोड ते. फेकायच्या आधी दगड कसा पडेल?"

दुसऱ्या दिवशी ती क्लासहून आली ती धावतच. "मामा, उणे एक खोटं नाहीये! समज, एक सेकंद आधी जमिनीवरून कुणी दगड ३० च्या वेगानं वर मारला. तर तो बरोबर शून्य सेकंदाला गच्चीपाशी येतो, तेही २० च्याच वेगानं. पुढचं सगळं सेम. दगड गच्चीवरून फेकला की खालून, समीकरणाला कळतच नाही!"

मी आरामखुर्चीत ताठ बसलो. सातवीत असताना आमच्या चाळीसमोर एका स्कूटरचा दिवा चेंडू पडून फुटला होता. गच्चीवर आम्ही तिघं होतो. चेंडू आमचा नव्हेच, तो खालूनच कुणीतरी वर मारला, आम्ही त्याला फक्त जाता-येता पाहिला, असं मी देवाशपथ सांगितलं होतं. दादांनी पुरतं ऐकूनही न घेता दोन ठेवून दिल्या. त्या वेळी हे उणे एक हाताशी असतं तर!

भाचीला सगळं सांगितलं. तिनं ते फारच गंभीरपणे ऐकलं आणि विचारलं, "पण मग तो चेंडू खरा कुठून आला होता?"

"गच्चीवरून," मी म्हणालो. "मीच फेकला होता."