स्वस्तातला मसामुने

दुसऱ्या महायुद्धानंतर शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांच्या तलवारी विजयी सैनिकांनी आठवण म्हणून अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात नेल्या, तिथे त्या कित्येक वर्षे माळ्यावर पडून राहिल्या आणि मूळ मालक वारल्यावर वारसांनी त्या मोडक्या टोस्टरशेजारी मांडून विकायला काढल्या. अशा मांडणीतून मातीमोल भावाने तलवार उचलणाऱ्या गृहस्थाच्या हातात ती फार झपाट्याने जुनी होऊ लागते. गाडीत ठेवताना ती सामुराईची झालेली असते, आणि घर येईपर्यंत ती सागामी प्रांतातल्या मसामुने या कामाकुरा काळातील थोर लोहाराने घडवली, हेही ठरून गेलेले असते. पुरावा पाहणे तेवढे बाकी राहते.

पुरावा असतो मुठीच्या आत. पाकट माशाचे खरखरीत कातडे लावून वर फीत गुंडाळलेली ही लाकडी मूठ ‘मेकुगी’ नावाच्या बांबूच्या बारक्या खुंटीवर अडकलेली असते; ती खुंटी निमुळत्या बाजूने हलके ठोकून काढावी, पाते उभे धरून मूठ पकडलेल्या मनगटावर दुसऱ्या हाताने गुद्दा मारावा, म्हणजे पाते हादऱ्याने सैल होते, अशी रीत आहे. ती ठाऊक नसलेला संशोधक मूठ पक्कडीत आवळून ओढतो, आणि संशोधनाचा पहिला टप्पा टिंक्चर आयोडिनच्या बाटलीपाशी संपतो.

पात्याच्या मुठीत दडणाऱ्या भागाला ‘नाकागो’ म्हणतात. लखलखत्या पात्यापेक्षा जाणकार याच ओबडधोबड तुकड्याकडे जास्त वेळ पाहतात, कारण त्यावरचा गर्द, काळपट तपकिरी गंज पिढ्यानुपिढ्या मुरलेला असतो, तर बोटाला लागणारा तांबूस गंज अलीकडचा. शिवाय कानशीचे ओरखडे कोणत्या दिशेने गेले आहेत, यावरूनही घराण्याचा माग लागतो. हा गंज कधीही काढायचा नसतो. मात्र गंजाखाली अक्षरे दिसताच मालकाच्या हाताला सँडपेपर आपोआप सापडतो, आणि चारशे वर्षांनी जमवलेली साक्ष चहा निवायच्या आत साफ होते.

ती अक्षरे म्हणजे ‘मेई’, अर्थात लोहाराची सही. तीत नावाबरोबर अमुक प्रांताचा अधिपती अशी पदवीही आढळते. ती मानाची असून तिच्या धन्याने त्या प्रांताचा कारभार पाहिलेला नसतो. दुसऱ्या बाजूस तारीख असल्यास महिना बहुधा दुसरा किंवा आठवा निघतो, कारण तसे कोरण्याचा प्रघातच होता. एरवी जपानी लोहार उरलेले दहा महिने हातावर हात ठेवून बसत, असा निष्कर्ष काढावा लागेल. सहीचे नाव जितके थोर, तितका संशय अधिक. मसामुनेच्या अस्सल सह्या अगदी मोजक्या उरल्या आहेत, आणि सतराव्या शतकातील एदो येथील कोतेत्सूच्या नावाने तर इतक्या खोट्या सह्या, म्हणजे ‘गिमेई’, कोरल्या गेल्या की त्या सगळ्या खऱ्या मानल्यास त्या माणसाला झोप घ्यायला सवड मिळाली नसती. (यात जपान्यांनाच हसण्याचे कारण नाही, युरोपीय कारखान्यांच्या मुद्रा इकडच्या पात्यांवर ठोकून त्या ‘फिरंग’ म्हणून खपवणारे हिंदुस्थानी कारागीरही होतेच.) उलट लांब जुन्या तलवारी मागील टोकाकडून कापून आखूड करताना अस्सल सही पुष्कळदा उडून जाई, त्यामुळे सही नसलेले पातेच मोलाचे निघण्याचा संभव राहतो. हे मालकाच्या गळी उतरवणे महाकठीण.

यानंतर ‘हामोन’. पाणी देण्यापूर्वी पात्यावर मातीचा लेप धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड देतात, त्यामुळे तापवून पाण्यात बुडवल्यावर धार कडक आणि पाठ चिवट होते, आणि दोहोंच्या सीमेवर धुक्यासारखी पांढुरकी रेषा उमटते. आम्लाने काढलेल्या नकली रेषेत भिंगाखाली पोलादाचे चमकते कण दिसत नाहीत. कारखानी तलवार तर भिंगाचीही वाट पाहत नाही: १९३५ साली जपानी लष्कराने कनिष्ठ हुद्देदारांसाठी काढलेल्या नमुन्याच्या मुठीवर फीत गुंडाळल्याचा आभास धातूतच ओतलेला असतो आणि पात्यावर अनुक्रमांक ठोकलेला असतो. तो आकडा निर्मितीचे साल समजणाऱ्यांसाठी हे शास्त्र नाही.

अखेरचा निवाडा टोकियोतील, १९४८ साली स्थापन झालेल्या जपानी कलात्मक तलवार जतन संस्थेकडे मागता येतो. तेथे खोट्या सहीला प्रमाणपत्र नाकारले जाते. तेव्हा कित्येक मालक ते थोर नाव कारागिराकडून खरवडून घेतात आणि तलवार अनामिक म्हणून पुन्हा पाठवतात, आणि तिला प्रमाणपत्र मिळतेही. तेव्हा असे पाते ज्याच्या हाती येईल त्याने गंजाला हात लावू नये, तिरप्या उजेडात नाकागोचे छायाचित्र घ्यावे, पात्याला चमक आणण्याचे काम जपानी पद्धत शिकलेल्या शिकलगारावर सोपवावे आणि सँडपेपर शेजाऱ्याला देऊन टाकावा.