रात्री दोनच्या पाहुण्यास

मा. श्री. अपडेटसाहेब यांस,
गेवराई तालुक्यातल्या एका कापूसवाल्याचा साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, परवा रात्री दोनला आपण न कळवता घरी येऊन गेलात. आम्ही झोपेत होतो, चहापाणी राहिलं, राग नसावा. सकाळी पाहतो तर फोनवर कंपनीचं नाव उजळतंय, विझतंय, पुन्हा उजळतंय. नाव उजळण्यापलीकडं गाडी काही जाईना. तशी आम्हाला सवय आहे म्हणा. 1995 साली मंजूर झालेली आमची रेल्वे बीड स्टेशनात शिरली 17 सप्टेंबर 2025ला. याच लायनीच्या टोकाचे परळीकर अजून 'कृपया प्रतीक्षा करा' वाचतायत.

पण पिकाला प्रतीक्षा कळत नाही, साहेब. 15 ऑगस्ट 2021पासून सरकारनं पेऱ्याची नोंद आमच्याच बोटांवर सोपवली. बांधावर उभं राहून फोटो काढायचा, तोही मुदतीत. फोन असा डोळे मिचकावत बसला तर सातबाऱ्यावर कापूस उगवणार कसा?

बीडला सुभाष रोडला गेलो. पहिला दुकानदार म्हणाला, "सॉफ्टवेअर मारावं लागंल." तोवर दुखणं हलकंच होतं. बूटलोडर शाबूत होता, वरचं तेवढं बिघडलेलं. त्यानं मारली जुनी आवृत्ती. आपल्याला एकदा पुढं गेल्यावर मागं येणं चालत नाही, हे त्याला ठाऊक नसावं. फोन ठार काळा झाला. ना नाव, ना थरथर. "बोर्ड गेला," असं सांगून त्यानं तीनशे रुपये मात्र घेतले.

दुसऱ्या दुकानातल्या पोरानं मागचं झाकण उचकटलं. बोर्डावर मोहरीएवढे दोन तांब्याचे ठिपके होते. ते चिमट्यानं जोडून धरले आणि वायर खुपसली. कॉम्प्युटर 'टुडूंग' वाजला. "जित्ता हाय, काका."

झालं असं, की मुख्य चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक इवलासा प्रोग्राम असतो. तो आपल्यालाही पुसता येत नाही, हे ऐकून फार बरं वाटलं. बाकी सगळं कोसळलं तरी तो दाराशी बसून असतो. फक्त आत सोडायला कंपनीच्या सहीची फाईल मागतो, अगदी तलाठ्यासारखा. पोराकडं ती होती. कुठनं आणली विचारल्यावर तो नुसता हसला. माझ्यामागच्या गिऱ्हाइकाचा फोनही असाच काळा, 'टुडूंग'ही वाजला, पण त्या मॉडेलची फाईल नाही. तो फोन मेला. रोग एकच, माझा बरा होणारा, त्याचा कायमचा. मेमरी चिपच बसली तर गोष्ट वेगळी, तिथं सहीचाही इलाज नाही. पण सहीअभावी मेलेल्यांना मेलेलं का म्हणायचं?

आपल्या थोरल्या घरातही हेच झालं होतं. 2016 साली बाहेर दुरुस्त केलेले आयफोन अपडेटनंतर 'एरर 53' दाखवून बंद पडायचे. गाजावाजा झाला, ॲपलनं माफी मागितली, नवी आवृत्ती काढली आणि मेलेले फोन उठून बसले. बाहेर दुरुस्ती केली म्हणून गिऱ्हाइकांना चुकीचं सांगून वाटेला लावलं, यापायी 2018 साली ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानं 90 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंडही ठोकला. आमच्या सुभाष रोडवर एवढा आरडाओरडा कोण करणार?

तर फोन उठला. पण कोरा. धाकटा भाऊ यंदा ऊसतोडीला गेलाय. त्याच्या उचलीच्या चिठ्ठीचा फोटो याच फोनात होता. आता तो हिशेब फक्त मुकादमाच्या वहीत आहे. लाल कापडाची, कोपरे झिजलेली वही. ती रात्री दोनला कधी बिघडत नाही.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.
आपला,
एक वापरकर्ता

ता. क. फोन चालू होताच आपला निरोप आला. 'आत्ता' की 'नंतर' एवढंच विचारलंत.