पार्किंगमधली औद्योगिक क्रांती

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी आता सोसायटीच्या पार्किंगकडून शिकावे. तिथला हौशी सुतार १४४० फेऱ्यांची जुनी मोटर प्लायच्या पेटीत बसवून टेबल करवत घडवतो. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. मालक तेवढेच हार्डवेअरच्या दुकानाचे.

मोटर नुसतीच गुणगुणते? कपॅसिटर बदलावा. कापताना लाकूड करपते? पाते आणि मार्गपट्टी समांतर करावी. काटकोन तपासायच्या गुण्यावरच संशय आला, तर गुण्या तपासणारे यंत्र बांधावे आणि त्या यंत्राच्या चौकशीसाठी उपसमिती नेमावी.

लाकूडकामासारख्या किरकोळ बाबीत हा उद्योग अडकत नाही.

तरीही वर्षभरात एक वस्तू तयार झालीच: करवतीच्या डगमगत्या पायाखालची पाचर. तीही गल्लीतल्या सुतारकाकांनी उभ्या उभ्या पटाशीने तासून दिली.