मालवणात परिषदेला येणाऱ्या प्रतिनिधींस

सन्माननीय प्रतिनिधींनो,



कसालला महामार्ग सोडून मालवणकडे वळलात की वाटेत आमचं कट्टा गाव लागतं. बाजारपेठेत चहाला तुमची बस थांबते. पुढच्या काचेवर 'राज्यस्तरीय परिषद' असा फलक आणि मागच्या सीटवर पोहायचे कपडे. चहा हातात आला की तुमचे दोन प्रश्न ठरलेले: मालवण अजून किती लांब आणि स्कूबा सकाळी किती वाजता सुरू होतं. सभागृह कुठे आहे, हे अजून माझ्या टपरीवर कुणी विचारलेलं नाही. त्याअर्थी ते तुम्हाला ठाऊक असणार.

सर्वप्रथम तुमच्या अभ्यासूपणाचं कौतुक. विषय ऊस असो, लेखापरीक्षण असो की मूळव्याध, त्यावरचं मंथन खाऱ्या वाऱ्यातच व्हावं लागतं, हे तुम्ही ओळखलंत. काळवेळही अचूक साधता. मे संपता संपता इथल्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, त्या ऑगस्ट सरेपर्यंत पाण्यात जात नाहीत. तेवढ्या महिन्यांत महाराष्ट्रापुढे असा एकही ज्वलंत प्रश्न उभा राहत नाही, ज्यासाठी मालवण गाठावं लागेल. डिसेंबर उजाडला की सगळे प्रश्न एकदम पेटतात.

कार्यक्रमपत्रिकेत 'स्थलदर्शन (ऐच्छिक)' अशी एक ओळ असते. हजेरी न घेता शंभर टक्के उपस्थिती फक्त तिलाच. २५ नोव्हेंबर १६६४ ला सिंधुदुर्गाच्या कामाला हात घातला गेला आणि किल्ला उभा राहायला तीन वर्षं लागली. होडीवाला तुम्हाला तासभर देतो. त्यातून तुम्ही वीस मिनिटं वाचवता, कारण चार वाजता प्रमाणपत्रं वाटायची असतात. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरात शिवाजी महाराजांची दाढी नसलेली मूर्ती आहे. तिच्यासमोर उभं राहून माणसाने थोडं बुचकळ्यात पडावं, तर तुमच्यातला एक घड्याळ पाहतो आणि दुसरा वाटाड्याला म्हणतो, "पटकन आटपा." चारी बाजूंनी खारं पाणी, आणि मध्ये दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! तुम्ही त्यांच्यात वाकून पाहता ते मोबाईल पडला का, एवढ्यासाठी.

लाजू नका, तुमची परंपरा थोर आहे. २०१५ मध्ये साहित्य संमेलन पंजाबात घुमानला भरलं, तेव्हा नामदेवांच्या ओढीने निघालेल्या कितीतरी रसिकांच्या पिशवीत अमृतसर आणि वाघा सीमेचाही बेत होता. खुद्द नामदेव पंजाबात पोचले तेव्हा अमृतसर वसलंच नव्हतं, म्हणून त्यांची कीर्तनं सुरळीत पार पडली असावीत.

आता तक्रार. सत्र बुडवता याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मीही शाळा बुडवून जत्रेला गेलोय. पण बुडवायचं तर नीट बुडवा की! 'किनारी उपजीविका: आव्हाने व संधी' हे सत्र पडदे ओढून चालू असतं, उजेड आला तर भिंतीवरची चित्रं दिसत नाहीत. त्याच वेळी बाहेर किनाऱ्यावर रापण ओढत असतात. दोन्ही टोकांना माणसं पाय रोवून उभी, जाळं हळूहळू वाळूला लागतंय, मग मासळीची वाटणी. तिथे जाऊन दोराला हात लावलात तर कुणी नको म्हणणार नाही. तळहात सोलवटतील. किनारी उपजीविकेतलं आव्हान कशाला म्हणतात ते तासाभरात कळेल, आणि प्रमाणपत्राऐवजी चार बांगडे मिळाले तर घरचीही खूश. पण तुम्ही सत्रही ऐकत नाही आणि रापणीलाही जात नाही. दोहोंच्या मध्ये गाडीत बसून जेवणाची वेळ विचारत राहता.

एक दिवस स्वतःची रजा टाका ना! भत्ता मिळणार नाही, हे मान्य. चौके गावावरून आत वळलात की धामापूरचा तलाव आहे, १५३० सालचा, काठावर भगवतीचं देऊळ. तिथे कुणी घंटा वाजवून पुढच्या सत्राला बोलावत नाही. आणि कट्ट्यालाही फक्त चहा मिळतो असं नाही. बॅरिस्टर नाथ पैंच्या नावाचं सेवांगण इथे आहे. १९५७ पासून १९७० पर्यंत ते राजापूरचे खासदार होते. त्यांचं भाषण ऐकायला माणसं लांबून चालत यायची, आणि भाषणानंतर डॉल्फिन दाखवतो असं कुणाला सांगावं लागत नसे. तुमच्या बीजभाषकांना निदान तेवढं कळवा.

आपला,
कट्टा बाजारपेठेतला एक चहावाला

ता. क. मागल्या खेपेला समारोपाला अध्यक्ष का नव्हते, म्हणून तुमच्यात बरीच कुजबुज चालली होती. ते दुपारीच इथून पुढे गेले. केस ओले होते, कानात पाणी गेलं होतं, त्यामुळे मला प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागलं. चहाचे पैसे मात्र त्यांनी दिले, आणि पावती मागितली.