ओट ब्रॅनची गोणी कशी घ्यावी

ओट ब्रॅन अर्धा किलो घेणं ही खरेदी नव्हे, चाचपणी झाली. ज्याच्या हाती नुकताच लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट पडला आहे आणि एलडीएलचा आकडा ज्यात ठळक छापून आला आहे, त्याने एकदम पाच किलोच मागवावा. मध्ये रात्र जाऊ देऊ नये. सकाळपर्यंत निश्चय एक किलोवर उतरतो. पाचच का, तर या कोंड्यापासून मिळणाऱ्या समाधानाचा मोठा वाटा तो दारात येतो त्या क्षणीच पदरात पडतो आणि वजनाबरोबर वाढतो. खाल्ल्याने होणारा फायदा वेगळा, सावकाशीचा आणि बऱ्याच कष्टाचा. या दोहोंची गल्लत केल्यामुळेच अनेक घरांत गोणी घेतल्यानंतर उगीच मनस्ताप होतो.

खाण्याचा फायदा खोटा आहे, असं मात्र कोणी समजू नये. ओटच्या कोंड्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. आतड्यात त्याचा चिकट लगदा होतो, तो पित्ताम्लं अडकवून बाहेर नेतो आणि नवी पित्ताम्लं बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल खर्ची घालावं लागतं. अमेरिकेत १९८७ साली रॉबर्ट कोवाल्स्की यांचं कोलेस्टेरॉल उतरवण्यावरचं पुस्तक तडाखेबंद खपलं आणि कोंड्याचे मफिन घरोघर आले. पाठोपाठ बटाट्याच्या वेफर्सवरही कोंडा भुरभुरला गेला. जानेवारी १९९०मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात वीस माणसांवरचा अभ्यास आला. कोंडा आणि कमी तंतूंचं गव्हाचं खाणं यांत त्याला काही फरक दिसला नाही आणि खप कोसळला. त्या विसांचं कोलेस्टेरॉल मुळात फारसं वाढलेलंच नव्हतं, हा आक्षेप रास्त होता, पण तो ऐकायला गिऱ्हाईक थांबलं नव्हतं. पुढे १९९७ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने दिवसाला तीन ग्रॅम बीटा-ग्लुकनचा दावा पाकिटावर छापायला परवानगी दिली. तीन ग्रॅम म्हणजे साधारण चाळीस ग्रॅम कोंडा, रोज, आणि तोही तेला-तुपावर हात आखडून.

हा चाळिसाचा आकडा गोणीवाल्यांनी नीट लक्षात ठेवावा, कारण तोच त्यांच्या अंगाशी येतो. चौघांच्या घरात प्रत्येकाने चाळीस ग्रॅम खाल्ला, तर पाच किलो महिन्याभरात संपतो. तेव्हा मे महिन्यात आणलेली गोणी गणपतीतही अर्धी दिसत असेल, तर तिचा उपयोग औषधी नसून नैतिक आहे, हे सिद्ध होतं. थालीपिठात घालतोच की, असं कोणी म्हणेल. घालतात, पण आठ थालीपिठांच्या भिजवणीत मोठे दोन चमचे, म्हणजे बारा ग्रॅमच्या आसपास. वाट्याला दीड-दीड ग्रॅम आला. या हिशेबाने दिवसाचा डोस पुरा करायला सव्वीस-सत्तावीस थालीपिठं लागतील, तीही लोण्याशिवाय.

सर्वांत जड आक्षेप आजीच्या बाजूने येतो: उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करण्याची रीत आपलीच, मग कोंड्याचीच का नको? बेगमी होते ती अख्ख्या धान्याची. गव्हात बिब्बे घालून कणगी भरता येते, कारण दाण्यातला तेलाचा अंश सालीच्या आत बंद असतो. ओट मुळातच इतर धान्यांपेक्षा तेलकट, त्यात कोंडा म्हणजे दाण्याचा फुटून उघडा पडलेला भाग. तेल फोडणारं विकर मरावं म्हणून गिरणीत ओट वाफवतात, तरीही हवा लागून तो पुढे खवट होतोच. कोकणातल्या आषाढाची दमट हवा त्यात भर घालते आणि पोरकिडे उरलेलं काम पाहतात. फ्रिजमध्ये ठेवल्यास टिकतो, हे खरं. पण पाच किलो कोंडा फ्रिजमध्ये मावायला भाजी बाहेर काढावी लागते, आणि आरोग्यासाठी एवढा त्याग ज्याला जमत नाही त्याने किलोमागच्या सवलतीच्या गोष्टी करू नयेत. सवलत घेतलेल्या किलोवर मिळते. खाल्लेल्या किलोचा भाव काढला, तर पाव किलोचं पाकीट बहुतेकदा स्वस्त पडतं. हा हिशेब दुकानात मांडू नये, निश्चय डळमळतो.

आता राहिला चाळणीचा प्रश्न. आपण कणीक चाळून गव्हाचा कोंडा गाईला घालतो आणि दूरदेशीचा कोंडा मोल देऊन आणतो, असा टोमणा ऐकावा लागेल. उत्तर तयार ठेवावं: गव्हाच्या कोंड्याने पोट साफ होतं, कोलेस्टेरॉलला तो फारसा हात लावत नाही. पूजेच्या सामानात मिळणाऱ्या जवातही बीटा-ग्लुकन भरपूर असतं, हे मात्र आपण होऊन सांगू नये. जव कुणी अभिमानाने ओट्यावर मांडून ठेवत नाही.

वास फिरला की कोंडा जनावरांना देण्याचा मोह होईल. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने चाऱ्यासाठी ‘फुले हरिता’ हा ओटचा वाण दिला आहे आणि गाई तो हिरवा, ताजा खातात. खवट माल त्यांच्या माथी मारू नये. तो खतात घालावा. नवी गोणी मागवताना दहा किलोंची बघावी, किलोमागे आणखी स्वस्त पडते.